आडवा साकव, उभी डोलकाठी आणि आपली कंबर

भातलावणीच्या दिवसांत दुपार कलली की आमच्या मळ्यात एक गोष्ट रोज घडायची. तरव्याची शेवटची मूठ चिखलात रोवून आई उठायची, पण एकदम नाही. आधी दोन्ही हात मांड्यांवर टेकायची. मग एक हात कमरेवर, मग दुसरा. मग पाठ मागे रेलून, डोळे मिटून दोन-चार श्वास तशीच उभी राहायची. इरल्याच्या कडेवरून पाणी ठिबकत असायचं. कधी मधेच अडकायची आणि बांधावर बसलेल्या मला हाक मारायची, “झिला, माका हात दी रे. कंबर धरली.”

मराठीतलं हे ‘धरणं’ मला नेहमी विचारात पाडतं. तीन-चार महिन्यांचं बाळ मान धरतं तेव्हा घरात आनंद होतो. राबत्या बाईची कंबर धरते तेव्हा तेच घर काळजीत पडतं. मान धरणं ही माणूस उभा राहण्याची सुरुवात आहे आणि कंबर धरणं हा त्याच उभं राहण्याचा खर्च. मी शाळेत विज्ञान शिकवतो. सांगाड्याचं चित्र फळ्यावर लावलं की दरवर्षी कुणीतरी विचारतं, “सर, माकडहाडाला माकडहाड का म्हणतात?” त्या प्रश्नाचं उत्तर आणि आईच्या कमरेचं उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे. म्हणून हा लेख.

कंबरदुखी किती पसरलेली आहे ते आधी सांगतो. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांमध्ये जगभर तिचाच पहिला क्रमांक लागतो. शेतकरी, खलाशी, शिक्षक, संगणकावर बसणारी मुलं, कुणीही सुटलेलं नाही. इतक्या वेगवेगळ्या तऱ्हेने जगणाऱ्या माणसांचं दुखणं एकाच जागी, पाठीच्या तळाशी येत असेल, तर कारण निदान थोडं तरी त्या जागेच्या घडणीत असणार.

ती घडण समजून घ्यायला बंदरावर जाऊ. बांगडा कापताना मधला काटा नीट पाहिला आहे का? डोक्यापासून शेपटीपर्यंत छोटे छोटे मणके एकापुढे एक ओवलेले. हीच आपल्या कण्याची सर्वांत जुनी ओळख. कणा असलेल्या प्राण्यांचा वंश सुमारे ५० कोटी वर्षांचा आहे आणि त्यातली पहिली साधारण १३ कोटी वर्षं पाण्यात गेली. पाण्यात वजन पाणीच पेलतं. माशाच्या काट्याला भार उचलायचा नसतो, डावी-उजवीकडे वळवळत अंग पुढे ढकलायचं असतं. त्या कामासाठी तो काटा उत्तम आहे.

सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी काही माशांचे पर भक्कम होत गेले आणि त्यांचे वंशज चिखलात, मग जमिनीवर आले. खाडीच्या चिखलात परांवर रेटत जाणारी निवटी मासळी पाहिली की त्या वेळचं चित्र डोळ्यांपुढे येतं. निवटी काही आपली पूर्वज नव्हे, तिने ही युक्ती स्वतंत्रपणे साधली. पण अडचण तीच. पाण्याबाहेर आलं की पोट खाली ओढतं आणि काटा मधे झोल खातो. मग मणक्यांना मागच्या बाजूने एकमेकांत अडकणारे खुंट आले. पुढे दोन पाय, मागे दोन पाय, मधे ताणून बसवलेला कणा आणि त्याखाली लोंबणारं पोट. पावसाळ्यात वहाळावर आपण साकव घालतो, अगदी तसा. गोठ्यातला बैल बाजूने बघा, साकवच दिसेल.

सस्तन प्राण्यांत या साकवाला आणखी एक सवय लागली, वर-खाली वाकण्याची. धावताना कुत्र्याची पाठ कमानीसारखी वर येते, खाली जाते. तारकर्लीला किंवा गुहागरला होडीतून डॉल्फिन पाहिले असतील तर त्यांची शेपटी आठवा. बांगड्याची शेपूट उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनची आडवी असते आणि वर-खाली हलते. डॉल्फिनचे पूर्वज सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर चार पायांनी चालत होते. ते समुद्रात परत गेले तरी कण्याला लागलेली सवय काही गेली नाही. शरीर जुनं मोडून नवं बांधत नाही, आहे त्यावरच पुढचं रचतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं जाईल.

आता काळाचा हिशेब. जमिनीवर यायला लागल्यापासूनची ही ३७ कोटी वर्षं एका वर्षात बसवू, गेल्या गणपतीपासून या गणपतीपर्यंत. त्या वर्षातले जवळजवळ सगळे दिवस आपला कणा आडवा होता. तो उभा राहिला शेवटच्या पाच-सहा दिवसांत. शेती सुरू झाली शेवटच्या पाव तासात. ऑफिसची खुर्ची आली ती शेवटच्या आठ-दहा सेकंदांत.

उभं राहण्याआधी आणखी एक वळण आहे आणि ते आपल्या कौलांवर रोज बसलेलं असतं. वानराच्या कमरेत साधारण सात मणके असतात. लांब, लवचीक कंबर असल्यामुळे आंब्यावरून फणसावर झेप घेणं त्याला सहज जमतं. चिंपांझी आणि गोरिला या आपल्या जवळच्या नातलगांत मात्र कंबर आखूड आणि ताठर झाली, मणके तीन किंवा चारच उरले आणि तेही खुब्याच्या उंच हाडांमधे पाचरीसारखे अडकलेले. फांदीला लोंबकळणाऱ्या जड प्राण्याला घट्ट कंबर बरी. शेपूटही याच घराण्यात गेली, सुमारे २.५ कोटी वर्षांपूर्वी. एका जनुकात घुसलेला एक छोटा तुकडा त्याला कारण असावा, असं २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. आईच्या पोटात पाचव्या आठवड्याच्या सुमारास आपल्याला आजही शेपूट असते. मग ती विरते आणि उरलेले साधारण चार मणके जुळून माकडहाड होतं. मराठी माणसाने हे नाव ठेवलं तेव्हा त्याला उत्क्रांती ठाऊक नव्हती, पण हाड बरोबर ओळखलं होतं. हे वर्गात सांगितलं की मुलं नकळत हात मागे नेऊन चाचपून बघतात.

चिंपांझीही दोन पायांवर उभा राहतो, पण गुडघे वाकवून, खुब्यात मोडून, पुढे झुकून. त्याच्या धडाचं वजन पायांच्या पुढे पडतं आणि स्नायूंना ते सारखं ओढून धरावं लागतं. आपल्या पूर्वजांनी ही अडचण कशी सोडवली ते रोज कमरेवर हात ठेवून कळतं. पाठीच्या खालच्या भागात जी आत वळलेली खोबण लागते, ती. कमरेचे मणके पाच झाले, खुब्याची हाडं आखूड आणि वाडग्यासारखी झाली, मणके त्यातून मोकळे झाले आणि कणा आतल्या बाजूला वळला. त्या वळणामुळे धड नेमकं खुब्यांवर आलं. त्याचा फायदा केवढा झाला! २००७ साली चिंपांझींना आणि माणसांना पट्ट्यावर चालवून प्राणवायू मोजला, तेव्हा माणसाला चालायला चिंपांझीपेक्षा सुमारे ७५ टक्के कमी ऊर्जा लागते असं आढळलं.

हे वळण आपण जन्माला घेऊन येत नाही. बाळाची पाठ इंग्रजी सी अक्षरासारखी एकच गोल असते. मान धरताना मानेचं वळण पक्कं होतं. बसायला, उभं राहायला, पाऊल टाकायला लागलं की कमरेचं वळण बसतं. वर्षभरात प्रत्येक मूल पाळण्यापासून अंगणापर्यंत तो सगळा प्रवास पुन्हा करतं.

आणि तो पहिल्यांदा कधी झाला याची खूण उरली आहे. १९७८ साली टांझानियातल्या लेतोली इथे मेरी लीकी यांच्या पथकाला ज्वालामुखीच्या राखेत उमटून दगड झालेली पावलं सापडली, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची. टाच खोल, मधे कमान, अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत. ओहोटी लागल्यावर ओल्या वाळूवर आपली पावलं उमटतात त्याच जातीची. ती उमटवणाऱ्यांचा मेंदू आजच्या चिंपांझीच्या मेंदूहून फारसा मोठा नव्हता. म्हणजे आपण हुशार झालो म्हणून उभे राहिलो नाही, उभे आधी राहिलो.

तर साकव उभा केला. आता ती डोलकाठी झाली.

शिडाच्या मचव्याची डोलकाठी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचं मर्म सांगायला नको. ती स्वतःच्या बळावर उभी नसते. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी दोर ताणलेले असतात आणि एक दोर सैल पडला की वारा तिला तिथून मोडतो. कणाही असाच. प्रयोगशाळेत स्नायू काढून नुसते कमरेचे मणके, गाद्या आणि बंध ठेवले आणि वरून भार दिला, तर सुमारे ९ किलोलाच तो खांब लचकून बाहेर जातो. नऊ किलो! आपलं नुसतं डोकंच चार-पाच किलोंचं असतं. बाकीचं सारं दोरांचं काम. पाठीलगतचे स्नायू, पोटाचे स्नायू आणि ढुंगणाचा तो जाडजूड स्नायू, जो माणसात जितका मोठा आहे तितका कुठल्याच वानरकुळात नाही. कंबर दुखली की लोक हाडाकडे बोट दाखवतात. मी मुलांना दोर आठवायला सांगतो.

डोलकाठीत आणि कण्यात एक मोठा फरक आहे. डोलकाठी अखंड असते, कणा सांध्यासांध्यांचा. दोन मणक्यांच्या मधे जी गादी असते ती नीट समजून घ्यावी अशी वस्तू आहे. ताडगोळा सोलून हातात धरला की कसा लिबलिबीत, पाण्याने भरलेला लागतो? गादीचा गाभा तसाच, तरुणपणी त्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. त्याच्याभोवती चिवट तंतूंचे पंधरा-वीस थर गुंडाळलेले असतात, एका थरातले तंतू डावीकडे तिरपे, पुढच्या थरातले उजवीकडे. काथ्याचा दोर वळताना पीळ उलटसुलट देतात, त्याच हिशेबाने ते एकमेकांना धरून ठेवतात. दिवसभराच्या भाराने गाभ्यातलं पाणी थोडं थोडं बाहेर झिरपतं आणि रात्री आडवं झाल्यावर परत शोषलं जातं. त्यामुळे सकाळी उठताना आपण झोपताना होतो त्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असतो. आज रात्री आणि उद्या पहाटे भिंतीवर पेन्सिलीची खूण करून बघा.

मोठेपणी या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. शरीरातला रक्त न पोचणारा हा सर्वांत मोठा अवयव. तिला अन्न मिळतं ते आजूबाजूच्या हाडांतून झिरपून, दाबलं-सोडलं, दाबलं-सोडलं या हालचालीच्या मदतीने. म्हणून फार भारही वाईट आणि दिवसचे दिवस हालचाल नसणंही वाईट. बाहेरच्या थरांना चीर गेली आणि गाभा तिथून बाहेर आला की त्याला आपण ‘गादी सरकली’ म्हणतो. खरं तर गादी कुठे सरकत नाही, आतला ताडगोळा फटीतून डोकावतो. तो पायाकडे जाणाऱ्या नसेला टेकला तर कळ ढुंगणातून पोटरीपर्यंत उतरते.

हे कुठे होतं ते पाहिलं की उत्क्रांतीचं बोट लागतं. कमरेतल्या अशा गाद्यांपैकी साधारण ९५ टक्के खालच्या दोन जागांतल्या, म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली आणि पाचव्याच्या खालची. का? कारण आपण कमरेला वळण दिलं ते नेमकं इथे. खालचं त्रिकास्थी, म्हणजे खुब्यांच्या मधलं तिकोनी हाड, तिरपं आहे आणि त्या उतारावर पाचवा मणका सगळ्या धडाचं ओझं घेऊन उभा आहे. त्याला पुढे घसरू न देणारे मागचे खुंट म्हणजे चिखलातून बाहेर येताना मिळालेलेच ते खुंट, आता वेगळ्या कामाला जुंपलेले. सुमारे ६ टक्के माणसांत त्या खुंटाच्या बारीक मानेला तडा गेलेला असतो. हा तडा चार पायांच्या जनावरांत आढळत नाही. आणि आयुष्यात कधीच चालू न शकलेल्या १४३ जणांची तपासणी १९८१ साली प्रसिद्ध झाली, त्यात एकालाही तो नव्हता. उभं राहून चालल्याशिवाय हे दुखणं होत नाही याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

२०१५ साली किम्बर्ली प्लॉम्प आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढचा प्रश्न विचारला. उभे तर सगळेच राहतो, मग काहींनाच त्रास का? त्यांनी जुन्या सांगाड्यांतले मणके मोजले. काहींवर गादी हाडात रुतल्याच्या खुणा होत्या, काहींवर नव्हत्या. शेजारी चिंपांझी आणि ओरांगउटान यांचे मणके ठेवले. खुणा असलेल्या माणसांच्या मणक्यांचा आकार चिंपांझीच्या मणक्यांकडे जास्त झुकलेला निघाला. पुढे त्याच संशोधकांनी खुंटाला तडा गेलेले मणके मोजले, ते उलट दुसऱ्या टोकाला सापडले, जणू माणूसपण प्रमाणाबाहेर गेलेलं. सगळ्यांची नाकं सारखी नसतात तसे सगळ्यांचे मणकेही नसतात. मधल्या पट्ट्यात असलेल्यांचं बरं चालतं, टोकांना असलेल्यांना झळ लवकर लागते.

बायकांच्या कमरेबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण आमच्या लहानपणी पोटुशी बाई लावणीला उतरायची हे दृश्य नवं नव्हतं. पोटातलं मूल वाढतं तसं वजन पुढे सरकतं. चार पायांच्या गायीला त्याने तोल जायची भीती नसते, दोन पायांच्या बाईला असते. ती मागे रेलून कमरेचं वळण वाढवते आणि तोल सांभाळते. २००७ साली कॅथरीन व्हिटकम, लायझा शपिरो आणि डॅनियल लिबरमन यांनी दाखवलं की पुरुषांत हे वळण पाचरीसारख्या दोन मणक्यांवर पेललेलं असतं, तर बायकांत तीन मणक्यांवर, त्यामुळे एकेका सांध्यावरचा ताण वाटला जातो. मागचे सांधेही बायकांत अधिक भक्कम असतात. हा फरक वीस लाखांहून जास्त वर्षं जुन्या ऑस्ट्रेलोपिथेकस या दोन पायांवर चालणाऱ्या पूर्वजकुळाच्या मणक्यांतही दिसतो. म्हणजे निसर्गनिवडीने आयांच्या पाठीची दखल घेतली होती, खूप आधी. बाईची कंबर नाजूक असते असं कुणी म्हणालं की मला हा मणका त्यांच्या हातात द्यावासा वाटतो.

मग उरलेलं दुखणं का नाही दुरुस्त झालं? फ्रांस्वा जाकोब या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १९७७ साली म्हटलं होतं की उत्क्रांती इंजिनियरसारखी काम करत नाही, हाताला लागेल ते जोडून काम भागवणाऱ्या कारागिरासारखी करते. जुन्या कौलारू घरात राहणाऱ्याला हे सांगायला नको. वासा कुजला की वासा बदलतो, भिंत भिजली की बाजूला पडवी काढतो, पण घर पाडून नवा पाया घालायला एक पावसाळाही बाहेर काढता येत नाही, कारण आत माणसं राहत असतात. वंशाचंही तसंच. प्रत्येक पिढी जगली पाहिजे, चालली पाहिजे, तिला मुलं झाली पाहिजेत. त्यात गाद्या वाळणं, सांधे झिजणं यांचा खरा त्रास बहुतेकांना मुलंबाळं झाल्यावर सुरू होतो. तोवर निवडीची चाळण मागे पडलेली असते.

हे दुखणं खुर्चीने आणलं असंही नाही. १९०८ साली फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सां इथे नियांडरथल या लोप पावलेल्या मानवजातीतल्या माणसाचा सांगाडा मिळाला, सुमारे ५०-६० हजार वर्षांपूर्वीचा. त्यावरून नियांडरथल म्हणजे वाकून चालणारा, रांगडा, अर्धवट माणूस असं चित्र जगभर पसरलं. १९५७ साली तो सांगाडा पुन्हा नीट तपासला गेला आणि लक्षात आलं की त्या वयस्क माणसाचा कणा संधिवाताने खराब झालेला होता. एका म्हाताऱ्याच्या कंबरदुखीवरून आपण एका अख्ख्या मानवजातीला कमी लेखलं होतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे आपला कणाच सदोष, काही उपाय नाही. हे मला मान्य नाही आणि त्याचं कारण घरातलं आहे.

सहा वर्षांपूर्वी आईची कंबर धरली ती आठ दिवस सुटली नाही. तालुक्याच्या गावी दाखवलं, एमआरआय झाला. रिपोर्टवर बोट ठेवून तिला सांगितलं गेलं, “आजी, गाद्या वाळल्या, मणके झिजले. आता वाकायचं नाही, उचलायचं नाही.” एक पट्टा दिला. तिने ते शब्दशः पाळलं. परसात जाणं सोडलं, विहिरीवर जाणं सोडलं, विळीवर बसणं सोडलं. दिवसभर पट्टा आवळून खाटेवर. वर्षभरात तिचं दुखणं वाढलं आणि चालताना भिंत धरायची सवय लागली. तो रिपोर्ट खोटा नव्हता. पण तो वाचून दाखवताना एक गोष्ट सांगायची राहून गेली, आणि तिचा मला आजही राग आहे. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० माणसांच्या तपासण्या २०१५ साली एकत्र अभ्यासल्या गेल्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, पन्नाशीतल्या ८० टक्क्यांच्या, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. दुखत काहीच नव्हतं. केस पांढरे होतात तशा गाद्या वाळतात. दहापैकी सुमारे नऊ कंबरदुख्यांत कुठल्याही एका हाडाकडे किंवा नसेकडे खात्रीने बोट दाखवता येत नाही. झोप नसणं, काळजी, ‘आपलं हाड मोडेल’ ही भीती, याही गोष्टी दुखणं वाढवतात.

म्हणून उत्क्रांतीकडून काय घ्यायचं आणि काय नाही हे मी असं मांडतो. पाठ कुठे कुरकुरेल ते तिने ठरवलं. कुणाची, कधी आणि किती, हे तिने ठरवलेलं नाही. चार पायांच्या प्राण्यांनाही गादीचे आजार होतात. बुटक्या पायांच्या, लांब पाठीच्या डॅशहंड कुत्र्यांत तर हमखास, कारण माणसाने त्यांची पैदासच तशी केली. दोन पाय हे एकटं कारण नाही.

वजन उचलण्याचं मात्र सरळ गणित आहे आणि ते चिरेखाणीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी समजावून द्यावं. समजा, चिरा २५ किलोचा आहे आणि वाकून तो मणक्यापासून अर्ध्या मीटरवर धरला आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. पहार उलटी धरल्यासारखं होतं, स्नायूंना दहापट ओढावं लागतं, म्हणजे अडीचशे किलो, अंगाचं वजन वेगळंच. १९९९ साली जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या गादीत दाब मोजणारं बारीक उपकरण बसवून हे प्रत्यक्ष पाहिलं. नुसतं उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल. २० किलोचं वजन पाठ गोल करून उचलताना २.३, गुडघे वाकवून उचलताना १.७. तेच वजन छातीशी धरून उभं राहिलं तर १.१, हात लांब करून धरलं तर १.८. चिरा पोटाशी घ्या असं जुने गवंडी सांगतात, ते या आकड्यांत आहे.

आणि कोळणीच्या डोक्यावरची पाटी? ती कण्याच्या बरोबर वर असते, पहारीचा हातच उरत नाही. केनियातल्या लुओ बायका अंगाच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं डोक्यावरून जवळजवळ जास्तीची ऊर्जा न लावता नेतात, असं १९८६ साली मोजलं गेलं. मानेच्या मणक्यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागते. पाटी डोक्यावर चढवून द्यायला दुसरीचा हात लागतो तो रिवाज म्हणूनच मोलाचा, कारण सर्वांत धोक्याची वेळ चालण्याची नसते, उचलण्याची असते.

लावणीत वजन नसतं, पण वेळ असतो. पूर्ण वाकून राहिलं की पाठीचे स्नायू काही वेळाने काम थांबवतात आणि सगळा भार मागच्या बंधांवर जातो. ते बंध ओल्या सुंभासारखे हळूहळू ताणतात आणि उभं राहिल्यावर लगेच पूर्वीच्या लांबीला येत नाहीत. त्या मधल्या काळात दोर सैल पडलेले असतात. नेमकं तेव्हा झटक्याने तरव्याचा भारा उचलला की उसण भरते. आई मांड्यांवर हात टेकून, टप्प्याटप्प्याने उठून, मागे रेलून दोन-चार श्वास थांबायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. पण बंधांना लागणारा वेळ ती देत होती.

बसण्याबद्दल एकच. टांझानियातले हाड्झा लोक आजही शिकार आणि कंदमुळांवर जगतात. २०२० च्या एका अभ्यासात ते दिवसाकाठी सुमारे दहा तास बसून काढतात असं दिसलं, म्हणजे आपल्याइतकेच. पण त्यातला काही वेळ ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात आणि त्यात पायांचे स्नायू जागे राहतात. खुर्चीत ते झोपी जातात. आपल्याकडे उकिडवं बसणं, मांडी घालणं, विळीवर एक गुडघा उभा करून बसणं आता गावंढळ समजून सोडलं जातंय. ज्यांना अजून जमतं त्यांनी ते टिकवावं असं मला मनापासून वाटतं.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नसतं. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, दोन मांड्यांमधली जागा बधिर होणं, पायातली शक्ती कमी होत जाणं, पडल्यावर किंवा तापासोबत आलेलं दुखणं, विनाकारण वजन उतरणं. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बाकीच्या बहुतेक दुखण्यांसाठी सल्ला आता बदलला आहे. १९८६ सालीच दोन दिवस पडून राहिलेले रुग्ण सात दिवस पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर कामावर परतले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि नीट समजावून सांगणं हे पुढे आहे. पट्टे आणि वजन लावून ताणणं नेहमीच्या उपचारांत नको असंही त्यात म्हटलं आहे. आणि २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांचा एक अभ्यास आला. कंबरदुखीतून नुकतंच बरं झालेल्यांपैकी काहींना हळूहळू वाढवत नेत नियमित चालायला लावलं. न चालणाऱ्यांत दुखणं साधारण ११२ दिवसांनी परतलं, चालणाऱ्यांत २०८ दिवसांनी.

आईने पट्टा सोडला तो मी ताडगोळा हातात देऊन गादी समजावली त्यानंतर. पहिल्या दिवशी अंगणातल्या तुळशीपर्यंत, मग पाणंदीच्या तोंडापर्यंत. आता ओहोटीची वेळ बघून ती संध्याकाळी किनाऱ्यावर जाते, चपला हातात घेऊन. परसातल्या वाफ्यात वाकतेही, हात मांड्यांवर टेकून उठतेही. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पावसाच्या तोंडावर कुरकुरतं. परवा मी तिच्या मागून चालत होतो. ओल्या वाळूत तिची पावलं उमटत होती, उजवी टाच डावीपेक्षा किंचित खोल, अंगठा सरळ पुढे. किनाऱ्यावरच्या दगडापर्यंत गेली, कमरेवर दोन्ही हात ठेवून मागे रेलली, समुद्राकडे बघत थोडी थांबली आणि त्याच पावलांच्या शेजारून परत फिरली.